उरलेल्या जागांवरचे जाळे : अमेरिका वन

अमेरिका वन या दूरचित्रवाणी जाळ्याची सुरुवात १९९५ची. एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि फॉक्स या चार बड्यांच्या अमेरिकेत ते अखेरपर्यंत लहानच राहिले. बड्यांना नको असलेले सामने, जुने चित्रपट आणि इतरांनी तयार केलेले कार्यक्रम गोळा करायचे, त्यांतून दिवसाचे वेळापत्रक भरायचे आणि ते गावोगावच्या संलग्न केंद्रांना पुरवायचे, हा त्याचा धंदा.

या केंद्रांपैकी बरीचशी कमी क्षमतेची. अशा केंद्रांसाठी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८२ मध्ये परवान्यांचा वेगळा वर्ग काढला. ॲनालॉग काळात यूएचएफ पट्ट्यातील मोठ्या केंद्राला ५,००० किलोवॉटपर्यंत मुभा असे. पुढे नियम सैल झाल्यावरही या धाकट्यांची मर्यादा १५० किलोवॉटचीच होती. पण खरी अडचण क्षमतेपेक्षा दर्जाची. मोठ्या केंद्राला तीच कंप्रता हवी झाली, की धाकट्याने निमूट बाजूला व्हायचे. केबलवाल्यांवर त्यांना दाखवण्याची सक्तीही सहसा नसे. १९९९च्या कायद्याने काहींना ‘क्लास ए’ असे संरक्षण दिले. त्यासाठी रोज किमान १८ तास प्रक्षेपण आणि आठवड्याला सरासरी तीन तास स्थानिक कार्यक्रम, अशा अटी होत्या.

स्थानिक तीन तास कसेबसे जमत. बाकीचे तास कुठून आणायचे? इथे सिंडिकेशन उपयोगी पडते. निर्माता एकच कार्यक्रम देशभरच्या सुट्या केंद्रांना विकतो. कधी रोख पैसे घेतो, कधी ‘बार्टर’ करतो : कार्यक्रम फुकट, मात्र त्यातील काही जाहिरातींची मिनिटे निर्मात्याची, उरलेली केंद्राने विकायची. छोट्या वाहिन्यांना कायद्यातील एका फटीचाही मोठा आधार झाला. १९६४ पूर्वीच्या अमेरिकी कलाकृतींचा कॉपीराइट २८ वर्षांनी वेळेवर नूतनीकृत करावा लागे. ज्यांच्या मालकांनी ते केले नाही, ते चित्रपट आणि मालिकांचे भाग कोणीही दाखवावेत. गुणवत्तेचा हिशेब करू नये. पण मध्यरात्र भरायला ते पुरेसे होते.

अमेरिका वनची ओळख मात्र कॅनेडियन फुटबॉलने घडवली. २००१ ते २००९ या काळात कॅनेडियन फुटबॉल लीगचे अमेरिकेतील हक्क त्याच्याकडे होते. हा खेळ अमेरिकी फुटबॉलचा सख्खा भाऊ, पण वळण वेगळे. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, संघात १२ खेळाडू, आणि दहा यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी. त्यामुळे चेंडू फेकण्यावर भर. १९९३ ते १९९५ या काळात लीगने अमेरिकी शहरांतही संघ उभे करून पाहिले. लीगचा करंडक, १९९५चा ग्रे कप, बाल्टिमोरने जिंकलाही. पण तो प्रयोग त्याच वर्षी आटोपला. संघ गेले तरी प्रेक्षक उरले होते, पण सामने दाखवायला मोठे कोणी उत्सुक नव्हते. हंगामही सोयीचा : तो जूनच्या सुमारास सुरू होतो, तेव्हा अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल बंद असते. शिवाय कॅमेरे, समालोचन, निर्मिती हे सारे कॅनडातील वाहिन्यांचे. अमेरिका वनने तयार चित्र घ्यायचे आणि पुढे पाठवायचे. हेच सामने प्रादेशिक क्रीडा वाहिन्यांनाही पुरवले जात. सामना उभा करण्याचा खर्च न करता वाहिनीला खेळ मिळाला, हा सौदा चतुर होता यात शंका नाही.

पण अशी मोकळी जागा मोकळी आहे तोवरच स्वस्त असते. २०१० मध्ये कॅनेडियन फुटबॉलचे हक्क एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक फुटबॉल लीगच्या वाहिनीकडे, एनएफएल नेटवर्ककडे, गेले. म्हणजे उन्हाळ्यातली पोकळी आता खुद्द बड्या लीगच्या वाहिनीलाच भरायची होती. दरम्यान जून २००९ मध्ये अमेरिकेतील मोठी केंद्रे पूर्णपणे डिजिटल झाली. एका कंप्रतेवर अनेक वाहिन्या बसू लागल्या आणि जुन्या मालिका, जुने चित्रपट दाखवणाऱ्या नव्या जाळ्यांची रांग लागली. त्यांना मोठ्या केंद्रांच्या उपवाहिन्या मिळाल्या, म्हणजे अमेरिका वनकडे कधीच नव्हता तो पल्ला. २०१५ मध्ये अमेरिका वनचे यूटू टीव्ही या दुसऱ्या वाहिनीशी विलीनीकरण झाले आणि वाहिनी यूटू अमेरिका या नावाने चालू लागली.