जुन्या पीसीवर युनिक्स टाकताय? व्हिडिओ मेमरी किती ठेवायची?

आजचा भाग माळ्यावर धूळ खात पडलेल्या डेस्कटॉपसाठी. भंगारात द्यायच्या आधी त्यावर फ्रीबीएसडी टाकून बघू, असं तुमच्यातल्या काहींच्या डोक्यात असेलच. पण बायोस उघडलं की गाडी एका प्रश्नापाशी अडते. व्हिडिओ मेमरी ३२ एमबी ठेवू, ६४ की १२८? जास्त म्हणजे चांगलं, असं वाटतं ना? इथेच गंमत आहे.

ही मेमरी येते कुठून?

कोअर टू ड्युओ आणि इंटेल जी-४१ चिपसेटचा पीसी घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर स्क्रीनसाठीची मेमरी तुमच्या रॅममधूनच कापली जाते. वन आरकेमध्ये पार्टिशन टाकल्यासारखं! पलीकडची जागा रिकामी असली तरी तुम्हाला वापरता येत नाही. रॅम फक्त ५१२ एमबी असेल आणि तुम्ही १२८ दिलेत, तर चौथा हिस्सा सुरुवातीलाच गेला.

मग लागते किती?

हिशेब सोपा आहे: रुंदी गुणिले उंची गुणिले ४. कारण ३२-बिट रंगात प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. १०२४ × ७६८ च्या स्क्रीनला बरोबर ३ एमबी, फुल एचडीला साधारण ८ एमबी. खिडक्या, चित्रं यांना आणखी लागते, पण ती ड्रायव्हर गरजेप्रमाणे रॅममधून घेतो आणि काम झालं की परत करतो. म्हणून साध्या कामाला बायोसमध्ये ३२ पुरे. हा पर्याय शेअर्ड मेमरी, फ्रेम बफर किंवा डीव्हीएमटी अशा नावाने दिसेल. बदलण्याआधी मोबाइलवर जुन्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा.

स्क्रीन तरीही फाटकी दिसते?

इन्स्टॉल झाल्यावर रिझोल्यूशन वाढतच नाही, व्हिडिओ अडखळतो. अशा वेळी लोक परत बायोसमध्ये जाऊन आकडा वाढवतात. पण बहुतेकदा दोष मेमरीचा नसतो, ड्रायव्हर लोड झालेला नसतो. फ्रीबीएसडीत इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर मूळ इन्स्टॉलमध्ये येत नाही. 'डीआरएम-केमॉड' हे पॅकेज टाका, 'आरसी डॉट कॉन्फ' फाइलमध्ये इंटेलचं मोड्यूल सुरू होताना लोड व्हायला सांगा आणि स्वतःच्या युजरला 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये घाला. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते!

जुन्या गाइडपासून सावध

नेटवरच्या जुन्या लेखांत 'झॉर्ग डॉट कॉन्फ' फाइलमध्ये 'व्हिडिओरॅम' ही ओळ लिहायला सांगितलेली असते. १ एमबीच्या कार्डांच्या काळात तिला अर्थ होता. तेव्हा १०२४ × ७६८ हवं तर २५६ रंगांवर भागवावं लागायचं. शिवाय तिथला आकडा किलोबाइटमध्ये असतो. ८ एमबी समजून नुसतं ८ लिहिलं, तर सांगितले फक्त ८ केबी! आज ड्रायव्हर मेमरी स्वतःच ओळखतो, त्यामुळे ती ओळख नकोच.

थोडक्यात काय, आधी हिशेब, मग ड्रायव्हर, आणि बायोसचा आकडा अगदी शेवटी. वाचलेली रॅम ब्राउझरला द्या, त्याला तिची जास्त गरज आहे. तुमच्या जुन्या पीसीत रॅम किती आहे, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!