डबक्यावाचून जन्मणारा बेडूक

मृगाचा पहिला पाऊस पडला, की आमच्या लोधीखेड्याच्या शिवारात बेडकांची मैफल सुरू होते. चार दिवसांत डबकी शेपटीच्या पिल्लांनी भरून जातात आणि मुले ती ओंजळीत धरून पाहतात. डबके नाही तर बेडूक नाही, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. तिला छेद देणारा एक चिमुकला जीव सह्याद्रीत आहे. वाचकांना आज त्याचीच ओळख करून द्यावी असे आम्हांस वाटले.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली हे घाटमाथ्यावरील गाव. तेथे वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील रानात राहणाऱ्या, मुठीत सहज मावेल अशा एका झुडपी बेडकाला डॉ. सत्यभामा दास बिजू व फ्रँकी बोसाइट या संशोधकांनी २००९ साली शास्त्रीय नाव दिले. त्यात 'आंबोली' हेच गावाचे नाव गुंफले आहे. याच्या कुळातील बेडूक डबक्यात अंडी घालीत नाहीत. ओलसर जागी घालतात. शेपटीच्या पिल्लाची अवस्था अंड्याच्या आतच पार पडते आणि बाहेर येतो तो चार पायांचा पुरता बेडूक!

डबक्याची गरज संपली, म्हणून हा जीव निर्धास्त झाला असे मात्र नव्हे. अंड्याला कवच नाही. रानातील गारवा व ओल हेच त्याचे कवच. झाडे तुटली, पालापाचोळा जळाला, ऊन थेट जमिनीवर आले, की अंडी सुकून जातात. त्याचे बहुसंख्य भाऊबंद श्रीलंकेत आहेत आणि त्यांतील डझनाहून अधिक जाती आज नामशेष झाल्या आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार एकूण उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत.

आंबोली आपणांपासून दूर आहे खरी; पण आपल्या संत्र्याच्या बागांतही बेडूक किडे खाऊन शेतकऱ्याचे काम हलके करतात. तेव्हा यंदा बागेतील पाचोळ्याला काडी लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो झाडांच्या बुंध्याशीच पसरावा. जमिनीची ओल टिकेल आणि त्याखाली कोणाचे तरी घरही टिकेल.