ऊब खालून सांभाळा

डोंगरात मुक्कामाला निघालेला माणूस स्लीपिंग बॅग दहा दुकाने फिरून घेतो आणि खालची मॅट मिळेल ती उचलतो. खरी थंडी येते खालून. आपल्या वजनाने बॅगेतले भरण दबते, त्यातली हवा निघून जाते आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेते.

मी पहिली हवेची मॅट जाडी बघून घेतली. चांगली तीन इंच! केदारकंठाच्या वाटेवर बर्फात तंबू लावला आणि रात्रभर पाठ गोठत राहिली. आत नुसती मोकळी हवा. ती फिरते आणि उष्णता खाली पोचवते. म्हणून आधी ‘आर-व्हॅल्यू’चा आकडा विचारा. २०२०च्या सुमारास बऱ्याच कंपन्यांनी तो मोजण्याची एकच पद्धत स्वीकारली, त्यामुळे तुलना सोपी झाली. सह्याद्रीत दोनाच्या आसपास भागते, बर्फावर चार-पाच हवा. दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते, तेव्हा जुनी फोमची मॅट टाकू नका. खाली अंथरली की काटेही तीच झेलते.

कुशीवर झोपणाऱ्यांना जाडी लागतेच. दुकानात खुशाल आडवे होऊन बघा. खुबा जमिनीला टेकता कामा नये. मात्र मॅट फुगवून टणक करू नका, थोडी हवा सोडली की अंग विसावते. रात्री गारठ्याने हवा आकसून मॅट सैल पडते, ते भोक नव्हे. खरेच भोक असेल तर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे जागा दाखवतात. ठिगळाचे पाकीट मॅटच्या पिशवीतच ठेवा. माझे घरी राहिले होते.