वादळ ओसरल्यानंतरचा समुद्र

१७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे सरकले, तेव्हा शहरावर थेट न धडकताही त्याने दाणादाण उडविली. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या वर गेला, झाडे उन्मळली, होड्या फुटल्या, गिरगाव-दादरच्या चौपाट्यांवर समुद्राने शहराचाच कचरा परत आणून टाकला. नागरिकांनी नुकसानीचा हिशेब मांडला आणि वादळ विस्मृतीत गेले. समुद्राचा हिशेब मात्र त्यानंतर सुरू होतो.

मे महिन्यात अरबी समुद्राचा वरचा थर तापलेला व हलका असतो. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, म्हणजेच वनस्पती-प्लवकांना, तेथे सूर्यप्रकाश मिळतो. परंतु नायट्रेट, फॉस्फेट ही पोषकद्रव्ये खालच्या थंड पाण्यात अडकून पडलेली असतात. चक्रीवादळाचे वारे वरचे पाणी घुसळतात आणि केंद्रापासून बाहेर लोटतात. त्याच्या जागी खालचे पाणी वर येते. पृष्ठभागाचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते आणि आभाळ निवळल्यावर काही दिवसांतच प्लवकांना बहर येतो. हरितद्रव्यामुळे पालटलेला पाण्याचा रंग ‘ओशनसॅट’ मालिकेतील भारतीय उपग्रहही टिपू शकतात. परळ-लालबागच्या बाजारात येणारा बांगडा अखेर अशा प्लवकांवरच पोसलेला असतो.

तथापि यावरून वादळ हे वरदान ठरविणे उतावीळपणाचे होईल. हा बहर खोल समुद्रातला. मुंबईलगतच्या उथळ पाण्यात वादळ गाळ ढवळून प्रकाशच अडविते. शिवाय बहर अल्पायुषी असतो. मृत प्लवक खाली जाताना कुजतात आणि अरबी समुद्राच्या मधल्या थरांत मुळातच तुटपुंजा असलेला प्राणवायू आणखी खर्ची पडतो.

याहून गंभीर गोष्ट अशी, की वादळांना बळ देणारी समुद्राची उष्णताच एरवी प्लवकांची उपासमार करते. वरचा थर जितका तापेल, तितके खालचे पाणी वर येणे दुष्कर होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ मधील संशोधनानुसार, पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पती-प्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले. काही दिवसांचा बहर ही तूट भरून काढू शकत नाही.

म्हणूनच वादळानंतर फुटलेल्या होड्यांची मोजदाद करताना समुद्राच्या उत्पादकतेचीही नित्य नोंद होणे आणि ती कोळीवाड्यांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. भरपाई मिळाली तर होडी पुन्हा बांधता येईल; परंतु नारळी पौर्णिमेनंतर ती ज्या समुद्रात लोटायची, तोच उपाशी असेल तर भरपाई कोण देणार?