आमटीतली चिंच, दारातली कण्हेर

कल्याणच्या खडकपाड्यात काय किंवा डोंबिवलीत काय, पाळलेल्या कुत्र्याचं जेवण बहुधा घरच्याच कुकरात शिजतं. भात, त्यावर उरलेली आमटी, रविवारी थोडा रस्सा. हे सगळं मायेपोटीच. पण कुत्र्याच्या शरीराला आपलं सगळंच अन्न सोसत नाही.

कांद्यातले गंधकयुक्त घटक त्याच्या तांबड्या रक्तपेशी नासवतात. वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्याने रक्तात ठळक बिघाड होतो. म्हणजे 10 किलोच्या कुत्र्याला 150 ग्रॅमही पुरतो. शिजवून, तळून हे विष जात नाही आणि लसूण तर त्याहून जहाल. हिरड्या फिक्या पडणं, लघवी तांबूस होणं ही लक्षणं काही दिवसांनी दिसतात. तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही राहत नाही.

द्राक्षं, मनुका, बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे पशुवैद्यांना ठाऊक होतं. कारण मात्र सापडत नव्हतं. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या विषतज्ज्ञांकडे एका कुत्र्याचं प्रकरण आलं. त्याने मुलांच्या खेळासाठी घरी मळलेला, क्रीम ऑफ टार्टर घातलेला पिठाचा गोळा खाल्ला होता, आणि त्रास अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखा. 2021मध्ये या तज्ज्ञांनी या दोन्हींत सापडणाऱ्या टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडंही तशीच बिघडलेली आढळली. नाशिकची द्राक्षं आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे खाणाऱ्या, आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्या मराठी घराने हे जाणून घ्यायलाच हवं. किती खाल्लं म्हणजे धोका, याचा भरवशाचा आकडा नाही. त्यामुळे एखादा मनुकाही न दिलेला बरा.

चॉकलेटही टाळावं: ते जितकं काळं, तितकं घातक.

धोका स्वयंपाकघरापुरताच नाही. बागेत पहिलं नाव कण्हेरीचं, लाल-गुलाबी आणि पिवळीही. तिचं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं, आणि पानं वाळली तरी ते टिकतं. त्यामुळे छाटलेल्या फांद्या सोसायटीच्या आवारात पडू देऊ नयेत. हिरवळीवरचा सायकस यकृत निकामी करतो. त्याच्या बिया सर्वांत वाईट. मनी प्लांट आणि डायफेनबेकिया चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते, पण जिवावर सहसा बेतत नाही.

काही खाल्ल्याचा संशय आला, तर ओकारीसाठी मिठाचं पाणी पाजू नये. त्यानेच रक्तातलं मीठ वाढून जीव जाऊ शकतो. मुंबईत परळला असलेलं प्राण्यांचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय कल्याणहून 40 किलोमीटरच्या पलीकडे आहे, म्हणून जवळच्या पशुवैद्याचा नंबर आधीच लिहून ठेवावा. फोनवर कुत्र्याचं वजन, काय खाल्लं, किती आणि केव्हा हे सांगावं, आणि निघताना चावलेलं पान किंवा वेष्टन सोबत घ्यावं.