शनिवारवाडा : वास्तुरचना आणि विनाशाची मीमांसा

प्रस्तावना

पुण्यातील शनिवारवाडा पाहणाऱ्यास बाहेरून भक्कम तटबंदी दिसते. आत मात्र केवळ जोती, हौद व हिरवळ. वाडा लाकडी होता, म्हणून तो जळून नाहीसा झाला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. इस्तंबूलमधील उस्मानी सुलतानांच्या तोपकापी राजवाड्याशी तुलना केली असता ही बाब लक्षात येते.

वास्तुरचना

पहिल्या बाजीरावांच्या काळात १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याची पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. तटाचा खालचा भाग दगडी, तर वरचा विटांचा आहे. तटाला नऊ बुरूज व पाच दरवाजे आहेत : दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश व नारायण. उत्तराभिमुख दिल्ली दरवाजा हा मुख्य दरवाजा असून त्यावर नगारखाना आहे. दरवाजातून आत येताच वाट काटकोनात वळते. त्यामुळे शत्रूला थेट मुसंडी मारता येत नसे. आतील महाल चौकांभोवती बांधलेले होते.

तोपकापीची उभारणी दुसऱ्या मेहमेदने पंधराव्या शतकात केली. त्याची रचनाही चौकांचीच आहे. चार चौक एकामागून एक येतात. पहिला चौक प्रजेला खुला होता. दुसऱ्याच्या दरवाजातून घोड्यावरून जाण्याचा मान केवळ सुलतानाला होता. तिसऱ्यात विशेष परवानगीशिवाय प्रवेश नव्हता. सत्तेशी असलेली जवळीक चौकांवरून मोजली जाई.

विनाशाचे कारण

आगीपासून तोपकापीही सुटला नाही. १५७४ मध्ये तेथील मुदपाकखाने जळाले. ते मिमार सिनान याने पुन्हा उभारले. १६६५ मध्ये जनानखाना जळाला. तोही पुन्हा बांधला गेला. शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली, तेव्हा पेशवाई संपून दहा वर्षे लोटली होती. १८१८ नंतर वाडा इंग्रजांच्या ताब्यात होता. जळालेले महाल पुन्हा उभारण्याची गरज असलेला धनीच उरला नव्हता.

समारोप

सारांश, लाकूड हे वाडा जळण्याचे कारण होय. तो पुन्हा न उभा राहण्याचे कारण मात्र राजकीय आहे. आज दिसणारी जोती आगीइतकीच सत्तांतराचीही साक्ष देतात. म्हणूनच वाड्याच्या अभ्यासात १८२८ इतकेच १८१८ हे सालही महत्त्वाचे ठरते.