हार्टलपूलच्या धक्क्यावरचे मुंबईचे जहाज

गेल्या मे महिन्याच्या सुटीत इंग्लंडमध्ये भाच्याकडे गेले होते. एके सकाळी तो म्हणाला, "खाला, चला, तुम्हाला मुंबईचे जहाज दाखवतो." मला वाटले, थट्टा करतोय. पण ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल गावी, जुन्या काळासारख्या उभारलेल्या दुकानांच्या मधोमध, पाण्यात खरेच तीन डोलकाठ्यांचे जहाज उभे होते. नाव 'त्रिंकोमाली'.

ही युद्धनौका 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. बांधणारे होते जमशेटजी बमनजी वाडिया. फ्रान्सशी चाललेल्या लढायांत जहाजे बांधून बांधून इंग्लंडात ओकचे लाकूड कमी पडले, म्हणून मलबारचा साग वापरला गेला. तिचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. 1812 मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'चा पराभव केला आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले.

ही नौका इंग्लंडला पोहोचली तेव्हा लढाया संपल्या होत्या. पंचवीसेक वर्षे ती नुसती उभी राहिली. पुढे पॅसिफिक महासागरापर्यंत फिरली, मग शिकाऊ मुलांचे जहाज झाली. 1897 मध्ये भंगारात निघाली, पण एका शौकिनाने विकत घेऊन वाचवली. 1987 मध्ये हार्टलपूलला आणल्यावर दुरुस्तीला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. निम्म्याहून जास्त लाकूड आजही मूळचेच आहे. तरंगत असलेली ही सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका. 'व्हिक्टरी' हिच्याहून जुनी, पण ती कोरड्या गोदीत आहे.

खालच्या मजल्यावर वाकूनच चालावे लागते. एका तुळईवर हात ठेवला. आमच्या कोकणातल्या जुन्या घराच्या तुळईसारखाच गुळगुळीत साग! परक्या राजवटीच्या आरमारासाठी बांधलेली नौका, तरी घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले. वाडियांचे नाव इतिहासात आहे. ज्यांनी हा साग कापला, तासला, त्या सुतार-लोहारांची नावे मी शोधत होते. ती मला सापडली नाहीत.

आणि मला माझे नाना आठवले. ते आगबोटीवर खलाशी होते. खलाशाच्या नोकरीच्या दाखल्याला आमच्याकडे 'नळी' म्हणत, कारण पूर्वी तो पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत. कोणती बोट, कधी चढला, कधी उतरला, सारे त्यात लिहिलेले. नाना गेल्यावर त्यांची ट्रंक आम्ही साफ केली. रद्दीत कागद टाकणारे हात माझेच होते. आज नाना कोणत्या बोटींवर होते, हे सांगणारे घरात कोणी उरले नाही. दोनशे वर्षांचे लाकूड लोकांनी जपले. मला चार कागद जपता आले नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांना सांगितले, घरात कोणी खलाशी, सारंग, भंडारी होते का, विचारून या. दुसऱ्या दिवशी तीन मुलांनी नळ्या आणल्या. एकीचे कोपरे वाळवीने खाल्ले होते, पण बोटींची नावे स्पष्ट वाचता येत होती.

तुमच्या घरातही एखादी नळी असेल. आजच काढा, फोटो घेऊन ठेवा. आणि वडीलधाऱ्यांजवळ बसून बोटीचे नाव, साल, बंदर लिहून घ्या. ते सांगायला आहेत तोवरच.